सत्याग्रही जमनालालजी

नागपूर शहरात रेल्वेस्थानकाच्या पश्चिमेस सिव्हिल लाइन्स नावाचा भाग आहे. आज तेथे विधानभवन आहे, उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे आणि अनेक सरकारी कचेऱ्या आहेत. शंभर वर्षांपूर्वी मात्र हा भाग म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांची वसाहत होती. प्रशस्त रस्ते, मोठमोठ्या आवारांतील बंगले आणि दाट सावली यांमुळे शहराच्या गजबजाटापासून तो जणू वेगळाच पडला होता.

१९२३ सालच्या ऐन उन्हाळ्यात या वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोज एक विलक्षण प्रकार घडू लागला. खादीचे कपडे घातलेली काही माणसे हाती तिरंगी झेंडा घेऊन शहराकडून शांतपणे चालत येत. पोलीस त्यांची वाट अडवीत. ती माणसे मागे फिरत नसत आणि पोलिसांवर हातही उगारीत नसत. त्यांना पकडून नेण्यात येई, त्यांच्यावर खटले भरण्यात येत आणि त्यांची तुरुंगात रवानगी होई. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्यावर, तोच झेंडा घेऊन, दुसरी माणसे हजर होत. हा क्रम एक-दोन दिवस नव्हे, तर साडेतीन महिने चालला. इतिहासात तो झेंडा-सत्याग्रह या नावाने प्रसिद्ध आहे. तो उभारणारा नेता एक लक्षाधीश व्यापारी होता. त्याचे नाव शेठ जमनालाल बजाज.

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानात, सीकरजवळील काशी का बास या खेड्यात झाला. वडील कनीराम हे साधे शेतकरी गृहस्थ होते. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेठ बच्छराज बजाज यांचा पुत्र अकाली वारला होता आणि त्यांना वंश चालविण्यासाठी नातू हवा होता. त्यांच्या पत्नीच्या दृष्टीस हा चुणचुणीत बालक पडला आणि तिने त्याला दत्तक मागितले. पोटच्या मुलाला परक्या मुलखात धाडण्यास आईवडिलांचे मन कसे धजावे? अखेर त्यांनी संमती दिली. तथापि, मुलाच्या बदल्यात स्वतःसाठी एक पैसाही न घेता, पाण्यावाचून हाल काढणाऱ्या आपल्या गावासाठी त्यांनी एक विहीर मागून घेतली, असे सांगतात. पाचएक वर्षांचा जमनालाल वर्ध्यास आला. राजस्थानच्या वाळूत जन्मलेले हे रोपटे विदर्भाच्या काळ्या मातीत रुजले, आणि पुढे वर्धा हीच त्यांची कर्मभूमी ठरली.

शाळेत त्यांचे शिक्षण जेमतेम प्राथमिक इयत्तांपर्यंतच झाले. इंग्रजीशी तर त्यांचा फारसा परिचयच झाला नाही. व्यापारी घराण्याच्या रीतीप्रमाणे ते लहान वयातच पेढीवर बसू लागले. परंतु जगात काय चालले आहे, याकडे त्यांचे लक्ष असे. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ची हिंदी आवृत्ती नागपुरातून निघणार हे कळताच, हातखर्चाच्या पैशांतून साठविलेले शंभर रुपये त्यांनी त्या कामी दिले. त्या काळी शंभर रुपये ही लहान रक्कम नव्हती, आणि देणारा तर मिसरूडही न फुटलेला मुलगा होता.

सतरा वर्षांचे असताना त्यांच्या आयुष्यात एक कसोटीचा प्रसंग आला. एका लग्नसमारंभास जाताना नातवाने अंगभर दागिने घालावेत, असा आजोबांचा आग्रह पडला. जमनालालांना तो थाट रुचेना. बोलाचाली वाढली आणि रागाच्या भरात बच्छराजांनी आपल्या पैशाचा उच्चार करून त्यांना टोचून बोलले. तरुण जमनालाल एक शब्दही उलट बोलले नाहीत. त्यांनी नेसत्या वस्त्रांनिशी घर सोडले आणि आजोबांना पत्र लिहून त्यांच्या संपत्तीवरील आपला सारा हक्क सोडून दिला. त्या पत्रात राग नव्हता, तक्रारही नव्हती. आजोबांचा राग निवळला, त्यांनी समजूत घालून नातवाला परत आणले. पुढे लवकरच बच्छराज निवर्तले आणि सारी संपत्ती जमनालालजींच्या हाती आली. पण ज्या धनावरचा हक्क आपण एकदा सोडला, ते धन आता आपले नव्हे, आपण त्याचे केवळ विश्वस्त आहोत, अशी खूणगाठ त्यांनी मनाशी बांधली होती. वारशाने मिळालेली रक्कम त्यांनी हिशेब करून लोककार्यासाठी खर्च केली, आणि स्वतःचा व्यापार सचोटीने वाढविला.

अशा श्रीमंत व वजनदार तरुणास आपल्या बाजूस राखणे इंग्रज सरकारला इष्ट वाटले. त्यांना मानद मॅजिस्ट्रेट नेमण्यात आले आणि रायबहादूर ही पदवी देण्यात आली. पण जमनालालजींचे मन दुसरीकडेच ओढ घेत होते. १९१५ मध्ये महात्मा गांधी दक्षिण आफ्रिकेतून परतले. अहमदाबादजवळच्या त्यांच्या आश्रमात जमनालालजी वारंवार जाऊ लागले. हा मनुष्य बोलतो तसा वागतो की नाही, हे ते व्यापाऱ्याच्या चिकित्सक दृष्टीने पारखून पाहत होते. पारख पुरी झाली, तेव्हा त्यांनी स्वतःला त्या कार्यास कायमचे वाहून घेतले.

डिसेंबर १९२० मध्ये नागपुरास राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन भरले. सुमारे चौदा हजार प्रतिनिधी गोळा झाले. त्यांच्या स्वागताची जबाबदारी स्वागताध्यक्ष या नात्याने जमनालालजींवर होती. ज्या भागात हे अधिवेशन भरले, तो आजही काँग्रेसनगर म्हणून ओळखला जातो. याच अधिवेशनाने असहकाराच्या कार्यक्रमावर शिक्कामोर्तब केले. याच वेळी जमनालालजींनी गांधीजींपाशी एक आगळी मागणी केली. गांधीजींना चार पुत्र होते. आपल्याला त्यांनी पाचवा पुत्र मानावे, एवढेच त्यांचे मागणे होते. गांधीजींनी ते मान्य केले. वकिली सोडून देशकार्यात पडणाऱ्यांच्या कुटुंबांची आबाळ होऊ नये, म्हणून जमनालालजींनी एक लाख रुपये काढून दिले. सरकारी पदवी आणि मॅजिस्ट्रेटपद त्यांनी परत केले. पत्नी जानकीदेवी यांनी घरातील विलायती कापडाची होळी केली, दागिने उतरविले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला पडदाही सोडला.

परंतु दोन वर्षांतच देशावर निराशेची छाया पसरली. १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौरा येथे हिंसा घडली आणि गांधीजींनी चळवळ मागे घेतली. मार्चमध्ये त्यांना सहा वर्षांची शिक्षा होऊन येरवड्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. नेता बंदिवासात, कार्यकर्ते गोंधळलेले आणि पुढाऱ्यांत मतभेद, अशी स्थिती होती. गांधीजी नसताना सामान्य लोक शिस्तीने व शांततेने लढू शकतील काय, असा प्रश्न अनेकांना पडला होता. त्याचे उत्तर नागपूरने दिले.

निमित्त झाले ते झेंड्याचे. मार्च १९२३ मध्ये जबलपूरच्या नगरभवनावर तिरंगी झेंडा लावण्यावरून सरकार व लोक यांच्यात खटका उडाला. पांढरा, हिरवा व तांबडा असे तीन पट्टे आणि त्यांवर चरखा, असा तो झेंडा होता. १३ एप्रिलला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, नागपुरात झेंडा घेऊन निघालेली मिरवणूक सिव्हिल लाइन्सच्या वाटेवर पोलिसांनी अडविली व निःशस्त्र लोकांना मारहाण केली. पुढे फौजदारी कायद्याच्या १४४ व्या कलमाखाली झेंड्याच्या मिरवणुकीस त्या भागात बंदी करण्यात आली. आपल्याच गावातील रस्त्यावरून आपलाच झेंडा घेऊन चालणे हा गुन्हा ठरला! जमनालालजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा हुकूम न मानण्याचे ठरविले, आणि १ मे १९२३ पासून सत्याग्रह सुरू झाला.

या लढ्याची रीत नीट समजून घेण्यासारखी आहे. हजारोंच्या जमावाने एकदम बंदी मोडली असती, तर गोंधळ माजला असता. एखाद्याने दगड भिरकावला असता, पोलिसांनी बंदुका चालविल्या असत्या, आणि झेंड्याचा मूळ प्रश्न धुरात हरवून गेला असता. म्हणून दररोज एक लहानशी तुकडी निघे. प्रत्येकास पुढे काय घडणार हे ठाऊक असे. शिवीगाळ करावयाची नाही, मार चुकविण्यासाठी पळावयाचे नाही, अटक झाल्यास विरोध करावयाचा नाही आणि झेंडा आपण होऊन खाली ठेवावयाचा नाही, हे नियम असत. सरकारपुढे यामुळे मोठा पेच पडला. सोडून द्यावे तर हुकुमाची किंमत राहत नाही. पकडावे तर तुरुंग भरतात, आणि जितके पकडावे तितके नवे येतात. आज पाठीवर सोसणाऱ्या माणसाकडे पाहून उद्या येणाऱ्याचे भय कमी होई. भय हेच ज्या सत्तेचे मुख्य हत्यार, त्या सत्तेचे हत्यार अशा रीतीने दिवसेंदिवस बोथट होत गेले.

या तुकड्यांत नामांकित माणसे थोडी आणि साधी माणसे फार होती. प्रथम मध्यप्रांतातून स्वयंसेवक आले. नंतर गुजरात, कर्नाटक, बिहार, तामिळनाडू अशा दूरदूरच्या प्रांतांतून ते आगगाडीने नागपुरास येऊ लागले. वर्ध्याच्या आश्रमातून विनोबा भावे आले व तुरुंगात गेले. जबलपूरच्या तरुण हिंदी कवयित्री सुभद्राकुमारी चौहान यांनीही या लढ्यात उडी घेतली. परंतु ज्यांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत, असे शेकडो लोक त्याच रस्त्याने त्याच निर्धाराने चालले. अनेकांना नागपूर हे गाव पूर्वी ठाऊकही नसेल. एकंदर दीड हजारांहून अधिक सत्याग्रही कैदेत गेले.

१८ जून रोजी देशभर झेंडादिन पाळावयाचे ठरले होते. त्याच्या आदल्या दिवशीच सरकारने जमनालालजींना पकडले. सेनापती गेला म्हणजे सैन्य पांगेल, असा सरकारचा कयास असावा. घडले उलटेच. सत्याग्रहींचा ओघ वाढला. जुलैमध्ये जमनालालजींना दीड वर्षाची कैद व तीन हजार रुपये दंड अशी शिक्षा झाली. तीन हजार रुपये भरणे त्यांना मुळीच जड नव्हते. पण सत्याग्रही मनुष्य अन्यायी हुकुमाखालचा दंड आपण होऊन भरीत नाही. तेव्हा सरकारने त्यांची मोटार जप्त केली आणि ती लिलावास काढली.

येथे एक मोठी बोधप्रद गोष्ट घडली. लिलाव पुकारला गेला, पण नागपुरात बोली बोलावयास कोणी पुढे येईना. स्वस्तात उत्तम वस्तू मिळत असताना ती कोणी घेऊ नये, हे व्यापारी गावात नवलच! अखेर ती मोटार प्रांताबाहेर नेऊन विकावी लागली. ज्या नागरिकांनी त्या दिवशी तोंड मिटून घेतले, ते मिरवणुकीत चालले नव्हते, तुरुंगातही गेले नव्हते. त्यांच्या अडचणी असतील. कोणाचे आजारी आईबाप असतील, कोणाचे हातावर पोट असेल. तरी त्यांनी आपल्या परीने लढ्यास हातभार लावलाच. सामुदायिक सत्याग्रहात प्रत्येकाला सारखेच ओझे उचलता येत नाही. पण अन्यायाच्या कामी आपला हात लावावयाचा नाही, एवढे तर ज्याला त्याला करता येते. असे हात एकाच वेळी मागे घेतले गेले, म्हणजे बलाढ्य सत्तेलाही साधी मोटार विकता येत नाही.

जमनालालजींच्या अटकेनंतर जुलैच्या उत्तरार्धात वल्लभभाई पटेल नागपुरास आले व त्यांनी लढ्याची सूत्रे हाती घेतली. त्यांचे वडील बंधू विठ्ठलभाई यांचेही साहाय्य लाभले. गव्हर्नरांशी बोलणी झाली. शेवटी १८ ऑगस्ट १९२३ रोजी सत्याग्रहींची मिरवणूक तिरंगी झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सच्या त्याच रस्त्यावरून चालत गेली, आणि कोणीही तिला अडविले नाही. सप्टेंबरच्या आरंभी जमनालालजी व इतर सत्याग्रही बंधमुक्त झाले. या तडजोडीविषयी त्या वेळी पुष्कळ वाद झाला. सरकार म्हणे, लोक नमले. लोक म्हणत, सरकार नमले. काही वृत्तपत्रांनी सत्याग्रहींवर टीकाही केली. पण मे महिन्यात जो रस्ता बंद होता तो ऑगस्टमध्ये खुला झाला, ही गोष्ट काही कोणाला नाकारता आली नाही.

एक रस्ता खुला झाला म्हणून देश स्वतंत्र झाला नाही. त्यासाठी आणखी चोवीस वर्षे झुंजावे लागले. मग झेंडा-सत्याग्रहाने मिळविले काय? दुरून आलेल्या, परस्परांची भाषाही न जाणणाऱ्या माणसांनी एका खुणेखाली एक होऊन, एकही दगड न उचलता लढा देता येतो, हा विश्वास त्याने मिळवून दिला. या लढ्याचा अनुभव घेतलेल्या वल्लभभाईंनी १९२८ मध्ये बार्डोलीच्या शेतकऱ्यांचा सत्याग्रह यशस्वी केला. १९३० मध्ये मूठभर मिठासाठी सारा देश उठला. त्या मोठ्या लढ्यांची तालीम नागपूरच्या या रस्त्यावर झाली होती, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

परक्यांच्या अन्यायाविरुद्ध लढणे एक वेळ सोपे; आपल्याच माणसांच्या अन्यायाविरुद्ध उभे राहणे अधिक कठीण. वर्ध्यास बजाज घराण्याचे लक्ष्मीनारायणाचे सुंदर मंदिर आहे. ज्यांना समाज अस्पृश्य मानीत असे, त्यांना देशातील बहुतेक मंदिरांप्रमाणे तेथेही प्रवेश नव्हता. जमनालालजींनी मंदिराच्या विश्वस्तांचे मन वळविले, आणि जुलै १९२८ मध्ये ते मंदिर सर्वांना खुले केले. त्याबद्दल त्यांच्या ज्ञातीतील सनातनी मंडळींनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. तो त्यांनी शांतपणे सोसला. तथापि, एक गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे. याआधी सव्वा वर्ष, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो दलित स्त्रीपुरुषांनी महाड येथे चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्राशन केले होते आणि त्यासाठी मारही खाल्ला होता. वर्ध्यास दार आतून उघडले गेले. महाडास लोकांनी स्वतः पाऊल टाकून आपला हक्क बजावला. आतले दार उघडणाऱ्याचे मोल आहेच. पण ज्यांचा हक्क डावलला गेला, ते स्वतः संघटित होऊन उभे राहतात तेव्हाच समाज मुळापासून हलतो.

पुढील आयुष्यातही जमनालालजींनी तुरुंगाची वाट अनेकदा तुडविली. मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ले येथील छावणीचे नेतृत्व केल्याबद्दल त्यांना कारावास झाला. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे विनोबा दर रविवारी गीतेवर प्रवचने देत आणि साने गुरुजी ती लिहून घेत. जमनालालजी त्या श्रोत्यांत असत. १९३९ मध्ये त्यांनी जन्मभूमीचे ऋण फेडले. जयपूर संस्थानात प्रजेला संघटना करण्याचाही मोकळेपणा नव्हता. प्रजामंडळाचे अध्यक्ष असलेल्या जमनालालजींना संस्थानात येण्यास मनाई झाली. मनाई मोडून ते गेले, आणि फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत त्यांना स्थानबद्ध राहावे लागले.

गांधीजींनी वर्ध्यास येऊन राहावे, ही त्यांची जुनी इच्छा होती. ती फळाला आली. ग्रामोद्योगांच्या कार्यासाठी त्यांनी आपली बाग दिली, तीच मगनवाडी. १९३६ मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगाव या लहानशा खेड्यात राहावयास गेले. तेच पुढे सेवाग्राम झाले आणि देशाच्या राजकारणाचे केंद्र बनले. अखेरच्या काळात जमनालालजींनी गोसेवेचे काम हाती घेतले आणि ते गोपुरी येथे साध्या झोपडीत राहू लागले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यास त्यांचे अचानक निधन झाले. स्वातंत्र्याचा दिवस पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

२२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने भारताचा राष्ट्रध्वज मान्य केला. चरख्याच्या जागी अशोकचक्र आले. आज प्रजासत्ताकदिनी आणि स्वातंत्र्यदिनी नागपूरची शाळकरी मुले हाती झेंडे घेऊन सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवरून हसतखेळत जातात. त्यांना कोणी अडवीत नाही. हे चालणे इतके सोपे व्हावे, यासाठी एके काळी कोणी तुरुंगाची भाकरी खाल्ली, कोणी दूरच्या गावाहून आगगाडी गाठली, आणि कोणी लिलावाच्या दिवशी नुसते तोंड मिटून घेतले. त्यांच्यापैकी एकाचे नाव जमनालाल बजाज होते. ते श्रीमंत होते म्हणून आपण त्यांचे स्मरण करीत नाही. त्या रस्त्यावर उतरताना आपली श्रीमंती मागे ठेवून ते साध्या माणसांपैकी एक झाले, म्हणून करतो.